नातीची मान आणि मूलची मॅच

मी आयुष्यात कुस्त्या पाहिल्या, बैलांच्या शर्यतीचे पट पाहिले, धानाच्या बांधीत वाघाचा ताजा पंजा पाहून चप्पल टाकून पळालेली भली माणसं पाहिली. पण मागच्या हिवाळ्यात आमच्या तालुक्याच्या गावी, मूलच्या मैदानावर खो-खोची जी मॅच झाली, तसं काळीज माझं कधी उडालं नाही. माझी नात त्या मॅचमध्ये खेळत होती. सातवीत आहे. गावच्या शाळेतली सगळ्यात चपळ पोरगी, आणि तिलाच भर खेळातून उठवून बाहेर बसवायची वेळ आली होती.

कशामुळे, ते आधी सांगतो. पोरीची मान झटकते. तिसरीत असताना पहिले डोळे मिचकवायला लागली. आम्हाला वाटलं चष्मा लागणार. मग उजवा खांदा वर उडायला लागला, मग मान, आणि मग घशातून ‘हुक्’ असा आवाज. दिवसभर. लोकांनी काय काय नाही सांगितलं! दृष्ट लागली, जंत झाले, बाहेरचं आहे, टीव्ही पाहून नक्कल करते. शेवटी माझी बायको तिला घेऊन चंद्रपूरला गेली आणि एका डॉक्टरीणबाईपुढे बसवलं.

बाई म्हणाली, “याला टिक म्हणतात आजी. ती मुद्दाम करत नाही. शिंक कशी आतून येते? तसंच. थोडा वेळ दाबता येतं, पण मग जास्त जोरात येतं. तिला थांब थांब म्हणू नका. कशानं वाढतं, कशानं कमी होतं, तेवढं पाहत राहा.”

माझी बायको दोन्हीकडून काम करणारी बाई होती. डॉक्टरीणबाईचं सगळं ऐकलं, आणि येताना देवाच्या पुजाऱ्याकडून काळा गंडा आणून पोरीच्या गळ्यात बांधला. गाठ अशी मारली की दातानं सुटू नये. “औषध बी चालू राह्यलं पायजे अन् देव बी,” म्हणाली. मी म्हटलं, तुझी मर्जी.

त्यानंतरच्या माघात ती गेली. ताप आला आणि गेलीच. तिच्याबद्दल मी इथं जास्त लिहीत नाही. लिहायला लागलो की डोळ्यात पाणी येते आणि मग ओळ दिसत नाही. चौथी शिकलेल्या माणसाची ओळ तशीच वाकडी असते.

पण पाहत राहायचं काम माझ्याकडे आलं ना! आधी ते काम ती करायची. आता कोण करणार? पोरगा भद्रावतीकडे कोळशाच्या खाणीवर ठेकेदाराकडे, सून शेतावर. मग मीच लागलो मागे. आणि खरं सांगतो, मला त्यात मजा यायला लागली. जंगलात माग काढतात तसा मी त्या झटक्याचा माग काढायला लागलो.

पहिलाच माग चुकला. मला वाटलं चहानं होते. महिनाभर पोरीचा चहा बंद केला. पोरगी रडली, सून माझ्यावर चिडली, आणि मान जशी झटकायची तशीच झटकत राहिली. चहा पुन्हा चालू केला.

पण मग एकेक गोष्ट उघडी व्हायला लागली. झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी हमखास. सर्दी-ताप येऊन गेला की पुढचा आठवडाभर. उन्हाचा ताव चढला की. दिवाळीत बापाकडे भद्रावतीला नेली होती. तिथं रोज दुपारी खाणीतला सुरुंग उडायचा, भांडी थरथरायची, खिडकीच्या काठावर काळी धूळ. पोरीचे डोळे तिथं दर घडीला मिटत होते आणि खांदा तर हातपंपासारखा चालू. गावाला आणली, झोप झाली, तसं आपोआप उतरलं.

मोहफूल वेचायला नेली तेव्हा तर मी चाटच पडलो. पहाटेची थंड हवा, सगळे वाकून फुलं वेचत होते, आणि पोरगी टोपली भरेपर्यंत एकदा पण झटकली नाही! एकदा पण नाही! मी तिच्याकडे न पाहता पाहत होतो, कारण पाहिलं की येते. तिचे हात कामात होते, मन फुलात होतं, तर मान गप्प. मला वाटलं, झालं, जंगलच औषध आहे. पण परत येताना ऊन चढलं, डोक्यावर टोपली, आणि तेवढ्यात बाजूच्या झुडपात चितळ ओरडलं. वाघ असेल म्हणून सगळे एका जागी गोळा झालो. वाघ आला नाही, पण पोरीची मान जी सुरू झाली ती झोपेपर्यंत थांबली नाही. म्हणजे जंगल औषध नाही. भीती वाढवते, आनंद पण वाढवते. मामाच्या लग्नात नाचली होती तेव्हा पण असंच. आणि कधीकधी काहीच कारण नसते. सगळं ठीक असते आणि तरी येते. मी ते पण मान्य केलं. पाऊस कोणाला विचारून येते?

सगळ्यात वाईट काय, ते सांगतो. माणसं. कोणी येते आणि तिच्या तोंडावर विचारते, “बरी झाली का वो तुझी मान?” झालं! विचारलं की सुरू. शेजारच्या एका म्हाताऱ्यानं तसं विचारलं तेव्हा मी त्याला म्हटलं, “तुमची मूळव्याध बरी झाली का भाऊ? सांगा ना, सगळे बसले आहेत.” तेव्हापासून तो विचारत नाही.

तर आता मूलची मॅच. तालुक्याच्या शाळांच्या स्पर्धा. आमच्या शाळेच्या पोरी इतक्या पुढे कधीच गेल्या नव्हत्या. ही मॅच जिंकली की दुपारून फायनल. समोर मूल शहरातल्या शाळेचा संघ, बुटं घातलेल्या पोरी. आमच्या पोरी अनवाणी. मी आणि सून सकाळच्या एसटीनं पोचलो. मैदान पाहिलं आणि माझं तोंड उतरलं. मैदानाच्या कडेला राईस मिल. धानाचा हंगाम, मिल जोरात चालू, वाऱ्यावर कोंडा उडून राहिलेला. एका बांबूवर भोंगा बांधला होता आणि तो पोरी ओळीत बसतात त्या पाटीच्या अगदी जवळ. आणि आमच्या सरांनी पोरींना नवे टी-शर्ट आणले होते. चमकदार, प्लास्टिकसारखं कापड, ताठ कॉलर. सरांनी हौसेनं आणले, त्यांना बोलायचं नाही. पण मी पोरीकडे पाहिलं. डोळे मिचमिच, कॉलरमध्ये बोट घालून ओढून राहिली.

“आबाजी, हे टोचते,” म्हणाली.

“काढता येत नाई का?”

“सगळ्यायले सारखंच पायजे म्हणते सर.”

पहिले आमच्या पोरी पळायला. खो-खोत तीन-तीन पोरी आत जातात, समोरच्या संघानं त्यांना शिवायचं. माझी नात पहिल्या तिघींत होती. काय पळाली! ससा म्हणू की काय म्हणू! बसलेल्या पोरींच्या मधून अशी निघायची की हात लावणारी तोंडावर पडायची. पळताना एक झटका नाही, एक हुक् नाही. मी ओरडून ओरडून घसा बसवला. बाजूचा एक माणूस म्हणाला, “बुढा तं भोंग्याच्या वर आहे.”

मग आमची पाळी शिवायची. आता आमच्या पोरी पाटीवर ओळीत बसल्या, एक इकडे तोंड करून, एक तिकडे. मागून खो मिळाला की उठायचं, त्याआधी उठायचं नाही. आणि गप्प बसणं हेच माझ्या नातीला सगळ्यात जड. ऊन डोक्यावर आलेलं, कोंडा डोळ्यात, भोंगा कानात, कॉलर मानेला. बसल्याबरोबर खांदा उडाला. मान झटकली. हुक्.

आणि काय झालं! समोरच्या संघाची एक पळणारी पोरगी तिच्याजवळून जात होती. हिचा खांदा उडालेला पाहून तिला वाटलं ही उठली. ती घाबरून उलटी वळली आणि सरळ आमच्या पाठलाग करणाऱ्या पोरीच्या हातात. बाद! आमचे लोक नाचले. थोड्या वेळानं पुन्हा तसंच. पुन्हा बाद!

तशी समोरच्या संघाची मॅडम मैदानात धावली. “पंच! ही मुलगी मुद्दाम हुलकावणी देते. बसल्या जागी उठल्याचं नाटक करते. हे चालणार नाही.”

पंचानं शिट्टी मारली. खेळ थांबला. त्यानं नातीला विचारलं, “काय गं, का हलतेस?”

पोरगी खाली पाहत होती. सगळं मैदान तिच्याकडे. मग काय, मान दुप्पट. हुक्, हुक्. कोणीतरी हसलं. पंच आमच्या सरांना म्हणाला, “सर, हिला बदला. नाहीतर मला गुण कापावे लागतील.” आमचे सर तरणे, नवीन नोकरी. त्यांनी बाहेर बसलेल्या पोरीला हात केला.

मी कधी मैदानात शिरलो मला कळलं नाही. लोक ओरडले, “ए बावा, बाहेर निघ!” मी निघालो नाही. पंचापुढे जाऊन उभा राहिलो.

“साहेब, एक सांगा. उठणं कशाले म्हणता तुम्ही?”

“तुम्ही कोण?”

“मी तिचा आजा. उठणं कशाले म्हणता?”

“उठणं म्हणजे उठणं.”

“बुडूख टाचांवरून सुटलं पायजे ना? तिचं बुडूख सुटलं का? तुम्ही बुडूख पाहा ना साहेब, खांदे काऊन पाहून राह्यले?”

सगळं मैदान हसलं. पंच पण हसला, पण मॅडम नाही हसली. तिचं पण खोटं नव्हतं. ती म्हणाली, “आजोबा, आमच्या मुली फसतात. त्यांना कसं कळणार?”

“खो ऐका म्हणा बाई. खो मोठ्यानं देते ना पोरी?”

“ती थांबवू शकत नाही का?”

डॉक्टरीणबाई शिंकेचं बोलली होती ते सांगायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात पोरगीच बोलली. मान वर केली आणि बोलली.

“थांबवू शकते मॅडम. थोडासाक वेळ. पण मंग मले खो ऐकू येत नाई. सारं ध्यान मान धरून ठेवण्यातच जाते. मान धरू का खेळू, तुम्हीच सांगा.”

मॅडमनं विचारलं, “हे घरी पण होतं?”

“सगळीकडे होते. पळताना फक्त नाई होत.”

मॅडम पंचाकडे वळली. “ठीक आहे सर. खेळू द्या. मी माझ्या मुलींना सांगते.” आणि जाताना तिच्या पोरींना ओरडून म्हणाली, “तिच्याकडे पाहायचंच नाही! फक्त आवाज ऐका!” मला ती बाई आवडली. हरायचं नाही म्हणून भांडली आणि कळलं तेव्हा सोडलं.

पंचानं मला बोट दाखवलं. “खेळेल ती. पण एकदा जरी खोशिवाय उठली तर बाहेर. आणि आजोबा, तुम्ही पण बाहेर.”

पहिला डाव संपला. बरोबरी. मध्ये थोडी विश्रांती. पोरगी माझ्याजवळ येऊन बसली आणि तेव्हा मी पाहिलं, तिच्या गळ्याभोवती लाल पट्टा उठलेला. ताठ कॉलर त्या काळ्या गंड्याला दाबून राहिलेली, गंडा घामानं भिजून आकसलेला. दर झटक्याला तो तिथंच घासत होता. घासला की खाजवायचं, खाजवलं की झटका, झटका आला की पुन्हा घासायचं. पोरगी वाढली आणि गंडा तेवढाच राहिला, हे आमच्यापैकी कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

मी आयुष्यभर बैल हाकले. बैल मान झटकायला लागला की आपण त्याला शिव्या देत नाही. जू उचलून खाली पाहतो, कुठं सोललं. मी चंचीतून अडकित्ता काढला. सुपारी कातरायचा.

सुनेनं माझा हात धरला. “मामाजी, नोको. आत्याबाईच्या हातचा आहे. वर्ष नाई झालं अजून.”

आमच्या घरची रीत आहे. मेलेल्या माणसानं बांधलेली गाठ वर्षाचं श्राद्ध होईपर्यंत कोणी सोडत नाही. गायीच्या गळ्यातली असो की दाराच्या कडीची असो. घरात तिच्या हातच्या अशा कितीतरी गाठी आहेत. मसाल्याच्या पुरचुंडीची आहे, बियाण्याच्या गाठोड्याची आहे. मी एकही सोडलेली नाही. रीत म्हणून नाही. माझ्याच्यानं होत नाही म्हणून.

मी अडकित्ता उघडून पोरीच्या गळ्याशी नेला. पोरगी मला म्हणाली, “आबाजी, राहू द्या. सवय आहे मले.” तिला पण आजी पाहिजे होती. गंडा तिचा पण होता.

तिकडे पंचानं शिट्टी तोंडात घेतली.

मी सुनेला म्हटलं, “हे पाय, तिनं हा गंडा काऊन बांधला होता? पोरीची मान थांबावी म्हणून. मान सोलावी म्हणून नाई. ती आत्ता इथी असती तं तिनंच पहिले तोडला असता, अन् वरून मलेच बोलली असती, एवढा येळ काय पाहत बसले होते म्हणून. धर पोरीचं डोकं.”

सुनेनं डोकं धरलं. मी डोळे पुसले, अडकित्त्याचं पातं गंड्याखाली सरकवलं, आणि कट! गाठ तशीच ठेवली, बाजूनं कातरला. पोरीनं लगेच मान गोल फिरवली, दोन्हीकडे. “हुश्श!” म्हणाली. मी माझा सुती दुपट्टा बादलीत भिजवून तिच्या मानेवर पिळला. कॉलर आत दुमडून सुनेनं पिनेनं टाचली. गंडा मी बंडीच्या खिशात ठेवला. मग भोंगावाल्याकडे गेलो.

“भाऊ, भोंग्याचं तोंड मिलकडे फिरव.”

“मिलकडे कोण आहे ऐकाले?”

“मिलवाला आहे. त्यानं आपल्याले कोंडा देल्ला, आपण त्याले गाणे देऊ.”

त्याला पटलं. फिरवलं.

दुसऱ्या डावात आधी आमच्या पोरी पळाल्या. मग शिवायची शेवटची पाळी आमची. पोरगी पाटीवर बसली. झटके थांबले असं मी म्हणणार नाही, थांबले नव्हते. खांदा उडत होता, डोळे मिचमिचत होते. पण मघासारखं एकावर एक नाही. मध्ये श्वास घ्यायला जागा होती. आणि समोरच्या पोरी आता तिच्या खांद्याला फसत नव्हत्या, आवाज ऐकून पळत होत्या. आता सरळ खेळ! मला तर जास्त चेव आला. आता जिंकलो तर कोणी म्हणणार नाही की मानेनं जिंकलो.

एक बाद. आणखी एक बाद. बरोबरी. वेळ संपत आलेली, एक गडी पाहिजे. समोरची शेवटची पोरगी म्हणजे वाराच, आमच्या पोरींना पुरती दमवून राहिली होती. आमची एक धावत आली, नातीच्या मागे थांबली आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, “खो!”

ऐकलं तिनं! उठली की सुटली! खांदा नाही, मान नाही, काही नाही, सरळ रेघेसारखी. पळणारी पोरगी खुंटाला वळसा घालून निसटणार, तेवढ्यात माझ्या नातीनं एका हातानं खुंट धरला आणि सगळं अंग हवेत फेकलं. हात लांब. आणखी लांब. धप्पकन मातीत पडली. धूळ उडाली, काही दिसेना. शिट्टी वाजली.

मला वाटलं वेळ संपल्याची. मग पंचाचा हात वर गेलेला दिसला. बाद! बाद! बाद!

मी सुनेला उचलायचाच राहिलो होतो, म्हातारपणाची लाज वाटली म्हणून बाजूच्या माणसाला उचललं. तो म्हणाला, “अगा सोड, मी समोरच्या शाळेचा आहे!”

पोरी एकमेकींवर पडल्या होत्या. माझी नात त्यातून बाहेर आली तेव्हा कोपर सोललेलं, तोंडभर माती, आणि मान अशी झटकत होती जशी कधी झटकली नव्हती. हुक्, हुक्, हुक्. आनंदानं! मला माहीत होतं आनंदानं पण येते. झटकू दे म्हटलं. आज किती झटकायची तेवढी झटकू दे.

आमचे सर धावत आले. ते तिच्या मानेकडे पाहून काही बोलणार होते. मी म्हटलं, “सर, पाणी द्या तिले.” त्यांनी पाणी दिलं.

पाणी पीत होती तेव्हा समोरच्या संघाची ती वाऱ्यासारखी पोरगी आली. मला वाटलं भांडायला आली. ती जवळ बसली, इकडे तिकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाली, “ए, ते खांद्याचं कसं करते तू? आम्हाले शिकव ना. मॅडमले नाई सांगत.”

माझी नात घोट गिळून म्हणाली, “शिकवता आलं असतं तं मी पहिले थांबवाले नसती का शिकली?”

“म्हणजे आपोआप होते?”

“आपोआप.”

“मस्त आहे,” ती पोरगी म्हणाली.

“मस्त नाई,” माझी नात म्हणाली. मग थोडा विचार केला. खांदा एकदा उडाला. “पण आज तुम्हाले दोनदा फसवलं ना.”

दोघी हसल्या. तिकडे फायनलसाठी नावं पुकारायला लागले, आणि ती पोरगीच हिला हात धरून उठवायला लागली, चल चल, तुमचं नाव घेतलं.